पिंगे, एच. बी.

"नाव?" टेबलामागच्या मुलीनं विचारलं.

"अनुराधा गुळवणी," आई म्हणाली. "फलटण."

मी तिच्या पायावर पाय दिला. तिनं पाय शांतपणे बाजूला घेतला, मुलीनं दिलेला बिल्ला पदराला लावला आणि पिशवी सावरत हॉलकडे चालायला लागली.

"बसमध्ये आपलं काय ठरलं होतं?" मी मागून दबक्या आवाजात विचारलं.

"तू ठरवत होतीस. मी खिडकीबाहेर बघत होते."

माझी आई अशीच होती. वाद घालायची नाही, हो म्हणायची नाही आणि शेवटी स्वतःच्या मनासारखंच करायची. पुण्यात रक्ताच्या कर्करोगावर एक मोठी परिषद भरली होती. मी तेव्हा मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला होते. आईनं तिथे यावं म्हणून मी फलटणला जाऊन तिला अक्षरशः उचलून आणलं होतं, आणि ते या बिल्ल्यासाठीच. त्यावर दुसरं नाव असायला हवं होतं.

झालं होतं असं की, आदल्याच आठवड्यात आमच्या पॅथॉलॉजीच्या सरांनी वर्गात डॉ. प्रभाकर नाडगौडांचा एक मोठा लेख दाखवला. नाडगौडा म्हणजे ल्युकेमियातलं बडं प्रस्थ. ते पुण्यात येणार म्हणून सरांना कोण आनंद झाला होता. लेखाच्या शेवटी संदर्भांची यादी होती आणि तिच्यात पहिलंच नाव होतं, पिंगे, एच. बी.

"यांचा हा एकच पेपर," सर म्हणाले. "याआधी काही नाही, यानंतर काही नाही. पण जगभरातल्या हजाराहून जास्त पेपरांनी याचा दाखला दिलाय. एखाद्या पेपराला पन्नास दाखले मिळाले तर आम्ही पेढे वाटतो. आणि हा गृहस्थ कोण, कुठला, कुणालाच माहीत नाही. बहुधा हयात नसावा."

मी बाकावर ताठ झाले. आमच्या घरी पोह्यांचा एक मोठा स्टीलचा डबा आहे. त्याच्यावर कोरलंय, 'चि. हेमलता भास्कर पिंगे, एम. डी. झाल्याबद्दल, आत्याकडून'. हा डबा मी लहानपणापासून घासत आले होते. तो गृहस्थ हयात होता आणि फलटणच्या बाजारपेठेत एका जिन्याखालच्या लॅबमध्ये लोकांची साखर तपासत होता.

वर्ग सुटल्यावर मी लायब्ररीतल्या संगणकावर शोधलं. नाडगौडांचे पेपर संपता संपेनात, खाली जाता जाता बोट दुखायला लागलं. पिंगे, एच. बी. टाकलं तर एकच ओळ आली. आईचं सगळं संशोधन त्या ओळीत मावत होतं आणि शेजारी दाखल्यांचा आकडा होता, नाडगौडांच्या कुठल्याही एका पेपराला नसेल एवढा. मी धावत जाऊन एसटीडी बूथवरून घरी फोन लावला. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू जेवलीस का?"

नाव बदलायचं कारण अगदी साधं होतं. माझ्या आजीचं, म्हणजे बाबांच्या आईचं नाव हेमलता. सून आली तीही हेमलता. एका घरात दोन हेमलता कशा चालतील, आणि मुलानं बायकोला हाक मारायची तर आईचं नाव कसं घ्यायचं? लग्नात ताम्हणातल्या तांदळात बाबांनी अंगठीनं 'अनुराधा' लिहिलं आणि प्रश्न मिटला. यात कुणी कुणावर जुलूम केला असं अजिबात नाही. आजीला तर वाईटच वाटलं होतं, ती म्हणाली होती की हवं तर माझं बदला. ऐकून सगळे हसले. पेपर लग्नाआधीच विलायतेला गेला होता. तो छापून आला तोवर तो लिहिणाऱ्या बाईचं पहिलं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव, तिन्ही बदललेली होती आणि ती मुंबईचं हॉस्पिटल सोडून गेली होती. फलटणला साखर कारखाना होता, बाबांची नोकरी होती. लहान मुलांचा ल्युकेमियाचा वॉर्ड नव्हता.

पेपरात काय होतं ते मी तेव्हाच वाचून काढलं. ल्युकेमिया झालेल्या मुलाला आधी आठवडाभर साध्या गोळ्या द्यायच्या आणि रोज बोटातून थेंबभर रक्त घेऊन काचेच्या स्लाइडवर बघायचं. आठवड्यात वाईट पेशी गेल्या, तर मूल पुढच्या उपचारांनी वाचायची आशा. नाही गेल्या, तर नाही. महागडं यंत्र नको, काही नको, फक्त मायक्रोस्कोप आणि रोज न कंटाळता बघणारं माणूस. म्हणूनच गरीब देशांतल्या डॉक्टरांनी तो पेपर डोक्यावर घेतला होता. आईनं एका तक्त्यात दोन रकाने केले होते. डावीकडे पेशी गेलेली मुलं, उजवीकडे न गेलेली. मुलांना नुसते नंबर होते.

मला हे सगळं वाचून आई हवीहवीशी वाटायला लागली. घरी असलेली नव्हे, ती कायमच होती. ही दुसरी, वॉर्डात बोटं टोचत फिरणारी, कुणालाही माहीत नसलेली. मला तिला एकदा बघायचं होतं. चारचौघांत ती उठून 'मी' म्हणाली असती तर ती मला दिसली असती, असं मला वाटत होतं. सगळा आटापिटा त्यासाठी होता.

नाडगौडा उंच, वाकलेले, आवाजानं मृदू निघाले. आईच्या पेपरावर मोठे झालेले म्हणून मी त्यांना मनातल्या मनात चोर ठरवून बसले होते, त्यामुळे माझी जरा पंचाईतच झाली. त्यांनी पडद्यावर पहिलं काय दाखवलं असेल, तर आईचा तक्ता.

"गेली वीस वर्षं माझं प्रत्येक भाषण मी इथूनच सुरू करतो," ते म्हणाले. "मी मुंबईला यांच्याच विभागात रुजू झालो तेव्हा या डॉक्टरांच्या नावानं अजून कार्डं येत होती. तेव्हा पेपराची प्रत हवी असली की लोक कार्ड टाकायचे. ब्राझीलमधून, पोलंडमधून. विभागात विचारलं तर एवढंच कळलं की बाई लग्न करून गावाकडे गेल्या. नवीन नाव कुणाला ठाऊक नव्हतं. मी त्यांच्या माहेरच्या, मिरजेच्या जुन्या पत्त्यावर पत्र घातलं, ते परत आलं. आज इथे कुणाला त्यांच्याबद्दल काही माहीत असेल, तर कृपा करून मला सांगा."

मी आईकडे वळले. तिला कोपरानं ढोसलं. तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ती त्या तक्त्याकडे बघत होती, आणि तक्त्याच्याही फक्त उजव्या बाजूकडे. नाडगौडांनी पुढचं चित्र आणलं तेव्हा तिनं डोळे मिटले.

प्रश्नोत्तरं चहानंतर होती. चहाच्या वेळी मी तिला खांबाआड गाठलं.

"आई, माणूस तुला वीस वर्षं शोधतोय."

"ऐकलं मी."

"मग?"

"मग काय? मी उठून नाव सांगितलं की लोक टाळ्या वाजवतील."

"वाजवू देत की! तुझ्याच आहेत."

"कशासाठी वाजवतील, ते तुला कळलेलं नाही केतकी."

ती असं कोड्यात बोलली की माझं डोकं फिरायचं. मी तिला सांगून टाकलं की तू नाही उठलीस तर मी उठेन आणि सगळ्यांसमोर तुझा हात धरून वर करेन. आईनं कप खाली ठेवला आणि नाही म्हणाली. आवाज चढवला नाही, पण तो नकार असा होता की मी गप्प बसले. फलटणला कधीमधी एखाद्या पोराच्या रक्ताच्या स्लाइडवर तिला नको ते दिसायचं. अशा दिवशी ती पुण्याला फोन करून त्या पोराची सोय लावायची आणि मग घरी येऊन कुणाशी बोलायची नाही. तेव्हाचा तिचा चेहरा तसाच असायचा.

हॉलमध्ये परत येऊन बसलो. प्रश्न सुरू झाले. प्रश्न कसले, जो तो उठून आपण काय काय केलंय ते इंग्रजीत सांगत होता आणि शेवटी सुरात थोडा चढ आणून खाली बसत होता. अध्यक्ष घड्याळ बघत होते. आता शेवटचा प्रश्न, असं ते म्हणाले, आणि माझ्या शेजारचा हात वर गेला.

एका मुलीनं माईक आणून दिला. आई उभी राहिली.

"आधी नाव आणि गाव सांगा मॅडम," अध्यक्ष म्हणाले.

आईनं ते ऐकलं की नाही कोण जाणे. ती मराठीतच बोलायला लागली.

"तुमच्या त्या पहिल्या तक्त्यात उजवीकडची जी मुलं आहेत, त्यांच्याबद्दल विचारायचंय. पेपर लिहिला तेव्हा त्यांतली काही जिवंत होती. त्यांचं पुढे काय झालं?"

अध्यक्ष पुन्हा नावाचं काही म्हणणार होते, पण नाडगौडांनी त्यांना हातानं थांबवलं. तेही मराठीवर आले.

"मी वॉर्डातले जुने कागद नंतर काढून बघितले होते," ते म्हणाले. "त्यांतलं कुणी वाचलं नाही."

"एकही नाही?"

"नाही मॅडम. म्हणून तर तो पेपर इतका टिकला. त्यात अपवादच सापडला नाही."

आई उभीच होती. मला वाटलं ती आता बसेल. हॉलमधले काही लोक मागे वळून बघायला लागले होते. नाडगौडाही तिच्याकडे बघत होते. काय वाटलं त्यांना कुणास ठाऊक, समोरचे कागद बाजूला सारून ते पुन्हा बोलायला लागले.

"पण आता तसं राहिलेलं नाही. आता पेशी गेल्या नाहीत असं दिसलं, की आम्ही तिथूनच औषध वाढवतो. पूर्वी हे कळायला फार उशीर व्हायचा. आता उजवीकडची निम्म्याहून जास्त मुलं वाचतात. खरं सांगायचं तर त्या पेपरात जे लिहिलंय, ते आज खोटं ठरतंय. आणि ते त्या पेपरामुळेच."

"निम्म्याहून जास्त?" आईनं विचारलं.

"हो."

"घरी जातात?"

"घरी जातात, शाळेत जातात. एकाचं परवा लग्न झालं, मी जेवून आलो."

आईनं मान हलवली. माईकमधून तिचा श्वास तेवढा सगळ्या हॉलला ऐकू येत होता.

"मॅडम, तुमचं नाव राहिलं," नाडगौडा हळूच म्हणाले.

"अंबिका," आई म्हणाली.

मी चमकून वर बघितलं. हे तिसरं नाव तिनं कुठून आणलं, मला कळेना.

"अंबिका कोंडिबा ढेबे. उजवीकडची शेवटची. पाच वर्षांची होती, जावळीकडची. पेपरात नावं घालत नाहीत, म्हणून मी नंबर घातला."

हॉलमध्ये कुणीतरी खोकत होतं, ते थांबलं. नाडगौडांनी चष्मा काढला. मग ते व्यासपीठाच्या पायऱ्या उतरून, खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं आमच्या रांगेपर्यंत चालत आले. त्यांनी आधी आईच्या हातातला माईक काढून घेतला.

"पिंगे मॅडम?" त्यांनी विचारलं.

"हो," आई म्हणाली.

टाळ्या वाजल्या नाहीत. त्याबद्दल मी त्या सगळ्या लोकांची आजही ऋणी आहे. नाडगौडा तिच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसले, आणि बराच वेळ ती दोघं हळू आवाजात बोलत होती. मला त्यातली फक्त नावं ऐकू येत होती. आई एकेक नंबर घेऊन त्याचं नाव सांगत होती, कुठल्या गावचं मूल, कुणाची आजी सोबत राहिली होती, कोण बोट द्यायला रडायचं. त्यांनी तिच्या नावाचा हजारदा उच्चार केला असेल, पण ही नावं ते पहिल्यांदा ऐकत होते. मला हवी होती ती दुसरी आई मला तेव्हा दिसली. ती फार तरुण होती आणि रडत होती.

परतीच्या बसमध्ये सासवड मागे पडेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मीही काही विचारलं नाही, आणि माझ्यासारखीनं न विचारणं ही लहान गोष्ट नव्हती.

"मी मुंबई सोडली ना," ती मग आपणहूनच म्हणाली, "तेव्हा अंबिका खात होती, पीत होती. शेजारच्या खाटेवरच्या पोराशी पेरूवरून भांडत होती. तिच्या स्लाइडवर पेशी होत्या. माझ्याच तक्त्याप्रमाणे ती जायला हवी होती. पण तिच्याकडे बघून तसं वाटायचंच नाही गं. मी म्हटलं, हिच्या बाबतीत आपलं चुकणार. मला ती चूक हवी होती. माझ्या लग्नाला येणार म्हणून हट्ट धरून बसली होती ती."

"मग इतक्या वर्षांत कुणाला विचारलं का नाहीस? एक पत्र टाकलं असतंस तरी कळलं असतं."

आई माझ्याकडे बघून जरा हसली. मी फार लहान आहे असं तिला वाटलं की ती तशी हसायची.

"विचारलं नव्हतं तोवर ती होती ना," ती म्हणाली. "मी मनात तिचं वय वाढवत होते. तू झालीस तेव्हा म्हटलं, अंबिका आता शाळेत जायला लागली असेल. तू दहावीला गेलीस तेव्हा तिचं लग्न लावलं. परवा तू फोन केलास, हजार लोकांनी पेपर बरोबर म्हटलाय म्हणालीस. मला तेव्हाच कळलं. तो बरोबर ठरलाय म्हणजे ती गेली."

मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. जेजुरीच्या आसपास तिनं पिशवीतून बाकरवडी काढली, अर्धी मला दिली आणि अर्धी हातात तशीच धरून बसली.

नाडगौडांनी तिला पुढे बऱ्याचदा मुंबईला बोलावलं. ती एकदाच गेली. भाषण करायला नाही, वॉर्ड बघायला. उजवीकडच्या रकान्यातल्या, पण बऱ्या होऊन घरी निघालेल्या एका मुलाची आई तिथे पेढे वाटत होती. त्यातला एक आईनं फलटणपर्यंत जपून आणला आणि देवापुढे ठेवला. आमच्या घरात देवापुढे काही ठेवायचं काम नेहमी आजीचं असायचं, आईनं ते कधी केल्याचं मला आठवत नव्हतं. शेवटपर्यंत ती अनुराधा गुळवणीच राहिली, लॅबच्या पाटीवरही तेच नाव होतं. मी एकदा पाटी बदलू या का म्हणून विचारलं, तर म्हणाली, लोकांना नवीन लॅब वाटेल, मग आपल्या रोजच्या पेशंटनी जायचं कुठे?

मीही रक्ताच्या कर्करोगाचीच डॉक्टर झाले. आई जाऊन आता चार वर्षं होतील. तिच्या पेपराचे दाखले अजून वाढतात. रात्रपाळीचे तरुण डॉक्टर आजही तो वाचतात आणि पिंगे म्हणजे कुणी म्हातारा बुवा असणार असं धरून चालतात. मी अधूनमधून तो आकडा उघडून बघते. पूर्वी मला त्याचा अभिमान वाटायचा. आता फक्त आईची आठवण येते, आणि ती इतकी येते की मला तो बंद करून उठावं लागतं.

मागच्या महिन्यात आमच्याकडे एक मुलगा आला. लहानपणी आठवडाभराच्या गोळ्यांनंतरही त्याच्या स्लाइडवर पेशी तशाच होत्या. मीच बघितल्या होत्या आणि त्या संध्याकाळी घरी जाऊन कुणाशी बोलले नव्हते. आता त्याला मिसरूड फुटलंय. कॉलेजच्या कबड्डीच्या संघात निवड झाली होती आणि खेळायला हरकत नाही असं मी लिहून द्यावं म्हणून तो आला होता. मी लिहून दिलं. तो जिना उतरून गेल्यावर मी फोन हातात घेतला, आणि फलटणचा नंबर लावायला बोट उचललं तेव्हा माझ्या लक्षात आलं.

तरी मी बोललेच. खोलीत कुणी नव्हतं.

"आई," मी म्हटलं, "आणखी एक चुकला बघ तुझा."